गाडी आपली, तर पानाही आपल्या हातात हवा

पोशीर हे कर्जत तालुक्यातले नेरळ-कळंब रस्त्यावरचे गाव. रेल्वे नेरळला, तालुक्याची कचेरी कर्जतला, आणि पोटापाण्याचे काम कुणाचे कल्याण-ठाण्याकडे तर कुणाचे खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत. पहिल्या पाळीचा कामगार अंधारातच घर सोडतो. एस.टी. किंवा टमटमची वाट बघत बसला तर लोकल हुकते, लोकल हुकली की खाडा पडतो, आणि रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा म्हणजे त्या दिवशीचा बाजार बुडाला. म्हणूनच आज आपल्या वस्त्यांमध्ये जवळजवळ प्रत्येक आळीत स्कूटर दिसते. कुणी कंपनीतून कर्ज काढून घेतली, कुणी बचत गटातून, कुणी पाहुण्याची जुनी गाडी हप्त्याने घेतली. तीच स्कूटर सकाळी स्टेशन गाठते, दुपारी मुलीला शाळेतून आणते, संध्याकाळी तांदळाचे पोते वाहते आणि वेळप्रसंगी रात्री-अपरात्री आजाऱ्याला घेऊन नेरळ-कर्जतच्या दवाखान्याकडे धावते.

अशी ही घरातली कमावती वस्तू. पण तिची निगा? हप्ता न चुकवणारा आपला बांधव तिचे ऑइल वर्षवर्ष बदलत नाही. चाकात हवा किती आहे ते टायर बसल्याशिवाय पाहत नाही. ब्रेक लागेनासा झाला की दाब वाढवतो, पण खाली वाकून बघत नाही. "चालतेय ना, मग कशाला खर्च?" हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येते. गाडी बंद पडते ती नेमकी पाळीच्या दिवशी, भर पावसात, आणि चारशे-पाचशे रुपयांच्या तेलाने जे भागले असते त्यासाठी इंजिन उघडून काही हजार मोजावे लागतात. पैशाचे नुकसान भरून तरी निघते. ब्रेकअभावी गेलेला हातपाय किंवा जीव भरून निघत नाही.

स्कूटरची देखभाल हे काही इंजिनिअरचे काम नाही. दहावी न झालेला माणूस आणि चूल सांभाळणारी बाई, दोघांनाही ते जमण्यासारखे आहे. या लेखाचा हेतू एवढाच, की आपल्या गाडीचे निदान अर्धे ज्ञान तरी आपल्या घरात असावे.

वाहन आणि आपला इतिहास

वाहनाचा आणि आपल्या समाजाचा संबंध साधा नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लहानपणचा एक प्रसंग लिहून ठेवला आहे. साल १९०१. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली ही लहान मुले मसूर स्टेशनवर उतरली. मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि तेही या अटीवर की बैल मुलांनीच हाकायचे, गाडीवान बाजूने पायी चालणार.

दुसरा प्रसंग २३ ऑक्टोबर १९२९ चा, चाळीसगावचा. तोपर्यंत बाबासाहेब परदेशात शिकून आलेले बॅरिस्टर झाले होते आणि सरकारी समितीचे सभासद म्हणून फिरत होते. तरीही चाळीसगावचे टांगेवाले त्यांना बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. वस्तीतल्या लोकांनी टांगा तेवढा भाड्याने मिळवला आणि आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसवला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवजा पुलावर चाक दगडांत अडकले, घोडा आणि टांगा खाली गेले, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले आणि त्यांचा पाय मोडला.

दोष त्या बांधवाचा नव्हता. दोष त्या व्यवस्थेचा होता, जिने माणसाला वाहनही नाकारले आणि ते चालवण्याचा सरावही मिळू दिला नाही. मुंबईच्या गिरण्यांतही तेच चालले होते. जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता, कारण तिथे सूत तोंडाने ओढावे लागे आणि इतरांना विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. वस्तू मिळणे ही एक पायरी आणि तिचे कसब हातात येणे ही दुसरी. आज गाडी आपल्या दारात आहे. तिचे कसब मात्र अजून पुष्कळ घरांत परक्यावर सोडलेले आहे.

कामगारासाठी बनलेले वाहन

स्कूटर मुळातच साध्या माणसासाठी घडली. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली उद्ध्वस्त झाली होती. विमाने बनवणाऱ्या पियाजिओ कंपनीने १९४६ साली 'व्हेस्पा' बाजारात आणली. तिचा आराखडा करणारे कोराडिनो दास्कानिओ हे विमानांचे इंजिनिअर. मोटरसायकलची चेन, ग्रीस आणि कपड्यांवर उडणारा चिखल त्यांना पसंत नव्हता. म्हणून त्यांनी इंजिन झाकले, पुढे पाय ठेवायला सपाट जागा दिली आणि विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरलेले चाक बसवले. पंक्चर झाले तर थोडे नट काढून रस्त्यातच चाक बदलता यावे, ही त्यामागची दृष्टी.

आपल्याकडे बजाज कंपनीने पियाजिओच्या परवान्याने पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पा बनवल्या. परवाना संपल्यावर १९७२ साली 'चेतक' आली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये 'प्रिया' तयार होई. त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. कामगाराला नवी स्कूटर मिळणे कठीणच, त्यामुळे आपल्या पुष्कळ घरांत पहिली स्कूटर आली ती जुनी होऊनच. पुढे गिअर नसलेल्या गाड्या आल्या. २००० नंतर होंडाची ॲक्टिव्हा आणि तिच्यासारख्या गाड्यांनी रस्ता व्यापला. २००९ साली बजाजने स्कूटर बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले, आणि २०२० मध्ये चेतक याच नावाने विजेवरची गाडी आणली.

आज आपल्या वस्तीत मुख्यतः दोन प्रकारच्या गाड्या दिसतात: गिअर नसलेल्या चार स्ट्रोकच्या, आणि क्वचित कुठे जपून ठेवलेली टू स्ट्रोक चेतक किंवा प्रिया. दोघींची निगा थोडी वेगळी आहे.

आठवड्यातून दहा मिनिटे

रविवारी सकाळी विहारातल्या वंदनेहून आल्यावर गाडी अंगणात सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करा आणि या गोष्टी पाहा.

हवा : टायर हाताने दाबून हवा कळत नाही, मीटर लावूनच पाहावी. ॲक्टिव्हासारख्या बहुतेक गाड्यांना पुढे २२ पौंड, मागे एकटा माणूस असेल तर २९ आणि मागे कुणी बसत असेल तर ३६ पौंड लागते. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो. हवा कमी असली की पेट्रोल जास्त लागते, टायर कडेने झिजतो आणि वळणावर गाडी हेलकावे खाते. गार टायरमध्येच हवा मोजावी.

टायर : टायरच्या खाचांमध्ये झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला असे समजावे, मग तो कितीही 'अजून चालेल' वाटो. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन साल. जुना टायर विकत घेताना ते जरूर वाचावेत.

ब्रेक : ब्रेकची मूठ साधारण एक ते दोन सेंटिमीटर सैल हलावी आणि त्यानंतर ब्रेक लागायला सुरुवात व्हावी. मूठ हँडलला टेकत असेल तर वायर सैल झाली आहे किंवा लायनर संपले आहे. मागच्या चाकाजवळ वायरच्या टोकाला एक नट असतो. तो अर्धा-अर्धा फेरा घट्ट करावा आणि प्रत्येक वेळी चाक हाताने फिरवून मोकळे फिरते का ते पाहावे.

दिवे, हॉर्न, नट-बोल्ट : पुढचा दिवा, मागचा लाल दिवा आणि ब्रेक दाबल्यावर लागणारा दिवा, तिन्ही पाहावेत. नेरळ-कळंब रस्त्यावर रात्री उजेड कमी असतो. मागून येणाऱ्या डंपरला आपण दिसतो ते त्या लाल दिव्यामुळेच. आरसा, फुटबोर्ड आणि नंबर प्लेटचे स्क्रू हाताने हलवून पाहावेत.

तेल म्हणजे गाडीचे आयुष्य

चार स्ट्रोकच्या गाडीत इंजिन ऑइल वेगळे असते, साधारण पाऊण लिटर. इंजिनात पोलादाचे भाग मिनिटाला हजारो वेळा एकमेकांवर घासतात. तेल त्यांच्यामध्ये पातळ थर धरते, उष्णता वाहून नेते आणि कचरा स्वतःत घेते. वापर वाढला की ते काळे व पातळ होते आणि थर धरण्याची त्याची ताकद जाते. भाजीच्या कढईत तेच तेल किती वेळा वापरायचे हे आपल्या गृहिणीला बरोबर कळते. इंजिनाचा हिशोबही काहीसा तसाच आहे.

तेल पाहण्याची रीत सोपी आहे. गाडी थोडी चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटे थांबा, ऑइलची काठी काढून फडक्याने पुसा, पुन्हा आत घाला (बहुतेक स्कूटरमध्ये ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते) आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते बघा. खालच्या खुणेखाली गेले असेल तर गाडी चालवू नका.

आता हिशोब करू. रोज ये-जा मिळून ३० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर महिन्याला ७५० किलोमीटर होतात. चार महिन्यांत ३,००० किलोमीटर. कंपनीच्या पुस्तिकेत ऑइल बदलण्याचा जो आकडा असेल तो पाळावाच, पण आपल्यासारखी धूळ, चिखल, चढ आणि मागे रोज माणूस असेल तर ३,००० किलोमीटरला तेल बदललेले बरे. म्हणजे वर्षातून तीन वेळा. महिन्याला शे-दीडशे रुपये एका डब्यात टाकले तर हा खर्च जाणवतही नाही. मागच्या चाकाच्या गिअर पेटीत वेगळे थोडे तेल असते. त्याची आठवण गॅरेजवाल्याला आपणच करून द्यावी.

चेतकची गोष्ट वेगळी. टू स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलबरोबरच जळते. शेवटच्या काळातल्या टू स्ट्रोक चेतकला शेकडा दोन टक्के टू-टी ऑइल पुरते, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, पाच लिटरला १०० मिलिलिटर. कमी पडले तर पिस्टन अडकतो. जास्त घातले तर पांढरा धूर येतो, प्लग काळा होतो आणि सायलेन्सर काजळीने भरून गाडीचा दम जातो. अंदाजाने ओतू नये, मापाची बाटली वापरावी.

बदललेले जुने तेल नाल्यात, विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नका. पोशीर नदी पुढे उल्हास नदीला मिळते आणि त्या पाण्यावर खालची गावे जगतात. तेल डब्यात भरून गॅरेजमध्येच परत द्यावे.

फिल्टर, प्लग आणि बेल्ट

एअर फिल्टर हे इंजिनाचे नाक. उन्हाळ्यात आपल्या रस्त्यांवर डंपर आणि वीटभट्ट्यांची धूळ असते, त्यामुळे फिल्टर लवकर भरतो. तेलकट कागदी फिल्टर धुवायचा नसतो, हवाही मारायची नसते. तो खराब झाला की बदलायचा. जुन्या स्कूटरमध्ये फिल्टर वेगळा असतो, तो कसा साफ करायचा ते पुस्तिकेत पाहावे.

प्लग काढून त्याचे टोक पाहिले तर इंजिनाची तब्येत कळते. टोक बिस्किटाच्या रंगाचे असेल तर सगळे ठीक. काळे आणि ओले असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त जळते आहे. पांढरे फटफटीत असेल तर इंजिन जास्त तापते आहे. प्लग फक्त गार इंजिनातच काढावा, नाहीतर आटे खराब होतात. बसवताना आधी हाताने फिरवावा आणि शेवटीच पाना लावावा. जवळ विडी-काडी नको, लहान मुले नकोत.

गिअर नसलेल्या गाडीत डाव्या बाजूच्या पेटीत रबरी बेल्ट आणि रोलर असतात. बेल्ट भेगाळला की तो रस्त्यात तुटतो आणि गाडी जागेवर थांबते. इंजिन चालू असते पण चाक फिरत नाही. साधारण १२,००० किलोमीटरला बेल्ट उघडून बघावा आणि २४,००० च्या सुमारास बदलावा. वर सांगितलेल्या हिशोबाने हे अडीच-तीन वर्षांचे काम आहे.

एप्रिल २०२० नंतर आलेल्या नव्या नियमाच्या गाड्यांमध्ये कार्बोरेटर जाऊन संगणकाने चालणारे इंजेक्शन आले. पिवळा इंजिनाचा दिवा सतत पेटून राहिला तर वायरी ओढून पाहू नका, ते काम जाणकाराचे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. जुनी चेतक महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे आणि रबरी नळ्या कडक किंवा चिकट झाल्या असतील तर बदलाव्यात.

उतार आणि ब्रेक

नेरळहून माथेरानच्या दस्तुरीपर्यंत जाणारा घाट आपल्याला परिचित आहे. कामासाठी जाणारे आपले तरुण तो रोज चढतात-उतरतात. या उतारावर दोन्ही गाड्यांतला फरक जिवावर बेतू शकतो. गिअरच्या गाडीत खालचा गिअर टाकला की इंजिनच गाडीला मागे धरते. गिअर नसलेल्या गाडीत वेग कमी झाला की आतला क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावू लागते. मग सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून धरला तर ड्रम तापतो, लायनरची पकड जाते आणि मूठ दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून उतार सुरू होण्याआधीच वेग कमी ठेवावा, दोन्ही ब्रेक मिळून दाबावेत व सोडावेत, आणि जळका वास आला तर कडेला थांबून ब्रेक गार होऊ द्यावा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये. इंजिन बंद करून उतार उतरणे म्हणजे पेट्रोल वाचवणे नव्हे, जीव टांगणीला लावणे आहे.

एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी. पर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक किंवा त्याहून चांगली पद्धत सक्तीची झाली. डावी मूठ दाबली की पुढचाही ब्रेक थोडा लागतो. पण लायनर संपलेले असतील तर हा कायदाही गाडी थांबवू शकत नाही. मागच्या ड्रमवर एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण खुणेपाशी पोचला की लायनर बदलायची वेळ झाली. हे बघायला कसलेही हत्यार लागत नाही.

पावसाळ्याआधी आणि वर्षावासानंतर

कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि शेकडो प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. अशा मुलखात गाडीची दोन मोठी सर्व्हिसिंग ठरलेली हवीत. पहिली बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे पाऊस येण्याआधी. तेव्हा ब्रेकचे लायनर, टायर, बॅटरी, वायरी आणि सगळ्या केबल बघून घ्याव्यात. दुसरी वर्षावास संपताना, म्हणजे १४ ऑक्टोबरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास. तेव्हा ड्रममधला चिखल काढावा, फुटबोर्डखालचा गंज खरवडून रंग लावावा, केबलना तेल द्यावे.

त्याच दिवसांत इतर लोक गाडीला हार घालतात, चाकाखाली लिंबू चिरडतात, हँडलला लिंबू-मिरची बांधतात. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत. लिंबाने ब्रेक लागत नाही आणि मिरचीने टायरची नक्षी परत येत नाही. तेवढ्याच पैशांत एक प्लग येतो. तथागतांनी अप्पमाद, म्हणजे सावधपणा, याला सर्व कुशल गोष्टींच्या मुळाशी ठेवले. धम्मपदाचा दुसरा वर्ग त्याच नावाचा आहे. रस्त्यावर निघण्याआधी ब्रेक दाबून पाहणे हेही त्या सावधपणाचेच लहानसे रूप आहे.

पावसात एवढे पाळावे. रस्त्यावरून पाणी वाहत असेल आणि ते चाकाच्या मध्यापर्यंत येत असेल तर मागे फिरावे, मग पाळी चुकली तरी चालेल. गाडी पाण्यात बंद पडली तर किक किंवा सेल्फ मारू नये, ढकलत बाहेर काढावी. इंजिनात पाणी गेले असताना किक मारली तर आतला दांडा वाकतो. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे असे समजून ते लगेच बदलावे. चिखल धुताना पाण्याचा जोराचा फवारा सायलेन्सरच्या तोंडात, फिल्टरवर किंवा चावीच्या जागी मारू नये. धुतल्यावर थोडे अंतर हळू चालवून ब्रेक दाबत सुकवावेत. गाडी पेंढ्याशेजारी उभी करू नये. उंदीर डिकीत घर करतात आणि वायरी कुरतडतात.

ताई-वहिनींसाठी

आज आपल्या मुली स्कूटरवरून कर्जतला कॉलेजात जातात. अंगणवाडी सेविका, आशाताई, नर्स वाडी-वाडीवर जातात. गाडी चालवायला मुलगी आणि बिघडली की भाऊ, हा प्रकार आता पुरे. ऑइलची काठी पाहणे, हवा भरून घेणे, सेल्फ लागला नाही तर किक मारणे आणि पंक्चर झाल्यावर गाडी ढकलून टायर कापून न घेणे, एवढे प्रत्येक मुलीला यायला हवे. रात्री रस्त्यात कुणा अनोळखी माणसाच्या मदतीवर अवलंबून राहायची वेळ त्यामुळे कमी येते.

मागच्या चाकाला साडी गार्ड असणे नियमानेच सक्तीचे आहे. तुटले असेल तर लगेच बसवावे. ओढणी आणि पदर खोचूनच बसावे. हेल्मेट आय.एस.आय. मार्कचे असावे आणि मागे बसणाऱ्यालाही ते लागते. १८ वर्षांखालच्या मुलाच्या हातात गाडी देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीने अशा वेळी पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विमा संपू देऊ नये. विमा नसताना आपल्या गाडीने कुणी जखमी झाले तर भरपाई आपल्या घरादारावर येते.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत आणि २० मार्चला महाडला जाताना आपले तरुण गाड्यांना निळे झेंडे लावतात, ते अभिमानाचेच आहे. पण झेंड्याने पुढचा दिवा झाकू नये, त्याचे कापड चाकात जाईल असे बांधू नये आणि एका गाडीवर तिघे-चौघे बसू नयेत. चवदार तळ्याला जाणारा माणूस सुखरूप घरी परतला पाहिजे.

गॅरेजमध्ये जाताना

एक साधी वही गाडीच्या डिकीत ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदलले आणि किती रुपये, चार रकाने पुरेत. गाडी देताना "सर्व्हिसिंग करा" एवढेच म्हणू नका. कुठे आवाज येतो, कधी बंद पडते, ब्रेक कोणता कमी लागतो, ते सांगा. ऑइलचा डबा आपल्यासमोर उघडायला सांगा. बदललेला भाग परत मागा, तो आपला हक्क आहे. मिस्त्रीचा अपमान होईल असे बोलू नका, त्याचे कसबही कष्टाचेच आहे. पण विचारल्याशिवाय खर्च करू नका असे आधीच सांगा. जाणकार गिऱ्हाईक पाहिले की चांगला मिस्त्रीही खूश होतो.

पान्यातून रोजगार

शेवटी आपल्या तरुणांसाठी दोन शब्द. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, म्हणजे १९४२ ते १९४६ या काळात, बाबासाहेबांच्या खात्याकडे तांत्रिक प्रशिक्षणाची योजना होती. कारखान्यातले कसब गरिबाच्या मुलाच्या हाती यावे याचे महत्त्व त्यांना ठाऊक होते. आज दहावीनंतर आय.टी.आय. मध्ये मेकॅनिक मोटार व्हेइकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना स्वयंरोजगारासाठी बँकेच्या कर्जाबरोबर बीजभांडवल देते. अटी जिल्हा कार्यालयात विचारून घ्याव्यात. ज्या रस्त्यावर रोज शेकडो स्कूटर धावतात तिथे प्रामाणिक गॅरेजला काम कमी पडणार नाही.

ज्यांना एवढे शक्य नाही त्यांनी विहारात एक हत्यारांची पेटी ठेवावी. प्लग पाना, आठ ते सतराचे पाने, दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हवेचा पंप आणि मीटर, एवढे सामान वस्तीने वर्गणी काढली तर सहज येते. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर दोन तास सगळ्यांनी आपापल्या गाड्या आणाव्यात. ज्याला येते त्याने दाखवावे, ज्याला येत नाही त्याने हात काळे करावेत, आणि त्यात मुलींना पुढे ठेवावे.

कापून ठेवा

रोज : निघताना दोन्ही ब्रेक, मागचा लाल दिवा.
दर आठवड्याला : हवा, टायर, ऑइलची पातळी, नट-बोल्ट.
दर ३,००० कि.मी. : इंजिन ऑइल, ब्रेकचे लायनर, केबलना तेल, एअर फिल्टर पाहणे.
दर १२,००० कि.मी. : प्लग बदलणे, बेल्ट व रोलर पाहणे.
२४,००० कि.मी. च्या सुमारास : बेल्ट बदलणे.
बुद्ध पौर्णिमेला : पावसाळ्याआधीची सर्व्हिसिंग.
धम्मचक्र प्रवर्तन दिनाला : पावसाळ्यानंतरची सर्व्हिसिंग.
दरवर्षी : विमा, पी.यू.सी. आणि लायसन्सच्या तारखा पाहणे. नोंदणीला १५ वर्षे होत असतील तर नूतनीकरण.

जय भीम.